माया नगरी पायी बघायची तर गाईडला आधी पाणी विचारा

पुण्यातून मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आमच्या वयाच्या माणसांना आता मेक्सिको लांबचा राहिलेला नाही. कान्कूनला समुद्रावर चार दिवस, त्यातला एक दिवस बसने चिचेन इत्झा या माया लोकांच्या जुन्या शहरात, संध्याकाळी परत हॉटेलवर, असा बेत सर्रास आखला जातो. आल्यावर विचारलं की उत्तर येतं, "पिरॅमिड छान आहे, पण ऊन फार." ज्या मुलखात जमिनीवरून नदी वाहत नाही तिथे हजारो माणसांची शहरं ज्यांनी वसवली आणि शतकानुशतकं चालवली, त्यांच्या चौकात उभं राहून एवढंच हाती लागावं, याची मला फार हळहळ वाटते.

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. कालवे, चाऱ्या, पाझर आणि गाळ यांतच उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे कुठलंही जुनं गाव बघायला गेले की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: इथे पाणी कुठून यायचं? माया शहरांत हाच प्रश्न धरून फिरावं असं माझं ठाम मत आहे. तो विचारला की देवळं, चौक, देव, पंचांग, अगदी शहर ओस का पडलं इथपर्यंत सगळ्याची संगती लागत जाते. चांगला गाईडही या प्रश्नाने खुलतो, कारण त्याला रोज तेच ते विचारणारे भेटतात.

कुठलं शहर निवडायचं

माया शहरं एका देशात नाहीत. मेक्सिकोचा आग्नेय भाग, ग्वाटेमाला, बेलीझ आणि होंडुरास, एल साल्वादोरचा काही भाग एवढ्या पट्ट्यात ती पसरलेली आहेत. एका फेरीत सगळी बघायचा हट्ट धरू नका. दोन निवडा, पण पाण्याच्या दृष्टीने अगदी वेगळी अशी निवडा.

चिचेन इत्झा हे नैसर्गिक विहिरींच्या आधाराने वाढलेलं शहर. युकातान द्वीपकल्पाचा उत्तर भाग म्हणजे चुनखडीचं सपाट पठार. पाऊस पडतो तो दगडात मुरतो आणि खालून वाहतो. जिथे छत कोसळलं तिथे खोल डोह उघडा पडतो, त्याला सेनोते म्हणतात. उश्मालला असे डोहही नाहीत, तिथे पावसाचं पाणी जमिनीखालच्या टाक्यांत साठवलं जायचं. पालेंकेला उलट तऱ्हा: डोंगरउतारावर झरेच झरे, पाणी शहरात शिरू नये म्हणून त्याला वाट करून द्यावी लागली. आणि ग्वाटेमालातलं टिकाल: दाट जंगल, पावसाळ्यात धो धो पाऊस, पण नदी नाही आणि नंतरचे चार महिने कोरडे. तिथे सगळा भरवसा बांधलेल्या तलावांवर.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी मेरिदा शहरात मुक्काम करायला सांगते. उश्माल तिथून सुमारे 80 किलोमीटर, चिचेन इत्झा सुमारे 120. दोन्ही ठिकाणी सकाळी निघून आरामात जाता येतं. चालायची ताकद आणि जंगलाची हौस असेल तर टिकाल करा, त्यासाठी फ्लोरेस नावाच्या तळ्यातल्या बेटावर राहायचं आणि तिथून तासा-दीड तासाचा रस्ता.

अमेरिकेचा चालू व्हिसा असलेल्या भारतीयांना मेक्सिकोसाठी वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. तरी असे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी दिल्लीतल्या मेक्सिकोच्या वकिलातीकडून खात्री करून घ्या, ग्वाटेमालासाठीही तसंच. काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मे मध्ये तिथला उकाडा सोसवत नाही, आणि जूनपासून पाऊस असतो.

पुण्यातली तयारी

चालण्याची तयारी पर्वतीवर होते. 103 पायऱ्या, रोज, हळूहळू, बोलता येईल इतक्या दमाने. पिरॅमिडवर चढायला आता बहुतेक ठिकाणी मनाई आहे, पण टिकालच्या चौथ्या देवळाला बाजूने लाकडी जिना केलेला आहे आणि तो चढायलाच हवा. शिवाय टिकालमध्ये प्रवेशद्वारापासून मुख्य चौकापर्यंतच वीस-पंचवीस मिनिटं चालावं लागतं, आणि नीट फिरायचं तर चार-पाच तास धरा. आमच्याबरोबर माझी नणंद होती, तिचे गुडघे दुखतात. ती दोन महिने पर्वती करत होती म्हणून तिथे सगळीकडे आमच्याबरोबर आली.

डोळ्यांची तयारीही पुण्यातच करा. जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वरात एक सकाळ काढा. ते लेणं आठव्या शतकातलं मानतात. टिकालचं चौथं देऊळही आठव्याच शतकातलं, आणि वेरूळचं कैलास लेणंही. हे एकदा डोक्यात बसलं की तिथे गेल्यावर "फार प्राचीन" या एका शब्दात सगळं ढकललं जात नाही. आपल्याकडे राष्ट्रकूट डोंगर कोरत होते तेव्हा तिकडे चुना आणि दगड रचून 65 मीटर उंचीची देवळं उभी राहत होती, असा काळ समोरासमोर दिसतो.

सिंहगडावर गेलात तर देवटाक्यापाशी जरा थांबा. टाकं कुठे खोदलंय, कातळाचा उतार कुणीकडे आहे, पाणी कुठून येऊन पडतं, हे बघा. भाजे लेण्यांतल्या टाक्यांचंही तसंच. आणि गावातच बघायचं तर कात्रजच्या तलावातून नानासाहेब पेशव्यांच्या काळात शहरात आणलेलं पाणी, भूमिगत नळ, वाटेवरचे उच्छ्वास म्हणजे नळातली हवा सोडणारे मनोरे, आणि त्यावर भरणारे काळा हौद, बदामी हौद. या गोष्टी दाखवणाऱ्या वारसा फेऱ्या पुण्यात निघतात, त्यातली एखादी जरूर करा. गाईडबरोबर कसं चालायचं, कधी विचारायचं, कधी गप्प राहून बघायचं, याची सवय तिथे होते.

एक शिकून जायलाच हवं: त्यांचे आकडे. अगदी सोपे आहेत. टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, शिंपल्यासारखं चिन्ह म्हणजे शून्य. दोन रेघा आणि वर तीन टिंबं, म्हणजे तेरा. मोजणी दहाच्या पटीत नसून विसाच्या पटीत. कालगणनेत मात्र एक पायरी वेगळी येते: 20 दिवसांचा एक गट, तसे 18 गट मिळून 360 दिवस, ते 20 वेळा झाले की 7,200, आणि पुन्हा 20 वेळा की 1,44,000 दिवस. शिलालेखावर हे पाच आकडे एकाखाली एक येतात.

टिकालच्या चौथ्या देवळाच्या कोरीव तुळईवर 9, 15, 10, 0, 0 अशी तारीख आहे. घरी कागद-पेन्सिल घेऊन बेरीज करा: 9 गुणिले 1,44,000, अधिक 15 गुणिले 7,200, अधिक 10 गुणिले 360. उत्तर 14,07,600 दिवस. त्यांचा आरंभदिवस इसवी सनापूर्वी 3114 च्या ऑगस्टमध्ये येतो. तिथून इतके दिवस मोजले की इसवी सन 741. आपल्या ज्योतिषग्रंथांतही कलियुगाच्या आरंभापासून, म्हणजे इसवी सनापूर्वी 3102 पासून, दिवस मोजतात आणि त्याला अहर्गण म्हणतात. दोन्ही आरंभ बारा वर्षांच्या अंतरात आले हा निव्वळ योगायोग. त्यावरून काही नातं जोडू नका. पण दिवस मोजत राहण्याची ती चिकाटी आपल्याला ओळखीची वाटते, आणि त्यामुळे दगडावरचे आकडे वाचताना हात थरथरतो, हे खरं.

गाईड निवडताना

बसच्या सहलीतला गाईड आणि तुम्ही स्वतः ठरवलेला गाईड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बसमध्ये चाळीस माणसं, दोन भाषा, वाटेत दुकानात थांबा, जेवणाचा थांबा, आणि प्रत्यक्ष जागेवर जेमतेम दीड तास. तुम्ही चौघं-पाचजण असाल तर स्वतंत्र गाडी करून दारावर गाईड घ्या. चिचेन इत्झा, उश्माल, टिकाल, तिन्हीकडे प्रवेशद्वारापाशी अधिकृत गाईड मिळतात.

आधी ओळखपत्र बघायला मागा. मेक्सिकोत ते पर्यटन खात्याचं असतं, ग्वाटेमालात इंग्वात या सरकारी पर्यटन संस्थेचं. गळ्यात अडकवलेलं असतंच, तरी हातात घेऊन फोटो आणि मुदत बघा. त्यात कुणाला राग येत नाही. मग चार गोष्टी स्पष्ट ठरवा: भाषा इंग्रजीच, किती तास, रक्कम माणशी की सगळ्यांची मिळून, आणि आपला गटच असेल की आणखी लोक जोडणार. आमच्यात गुडघ्यांची अडचण आहे, सावलीत थांबत थांबत जाऊ, हेही पहिल्यांदाच सांगा.

त्यानंतर मी पाण्याचा प्रश्न विचारते, अजून पैसे ठरायचे असतानाच. "इथल्या लोकांना प्यायचं पाणी कुठून यायचं? ते मला दाखवाल का?" जो लगेच हाताने दिशा दाखवतो आणि बोलायला लागतो, त्याच्याबरोबर जावं. "ते नंतर सांगतो, आधी नरबळीची जागा बघू" म्हणणाऱ्याला नम्रपणे नको म्हणावं. दुसरी खूण: "माया लोक अचानक नाहीसे झाले" असं कुणी म्हणालं तर पुढच्याकडे वळा. माया माणसं लाखोंनी आज तिथेच आहेत. तीसेक माया भाषा आजही बोलल्या जातात आणि ग्वाटेमालाच्या लोकसंख्येत चाळीस टक्क्यांहून अधिक लोक माया आहेत. शहरं ओस पडली, समाज संपला नाही. आम्हाला उश्मालला मिळालेला गाईड घरी युकातेक माया बोलणारा होता. त्याची आजी पाऊस लांबला की शेतात चाक या पर्जन्यदेवतेसाठी मक्याच्या भाकरी वाहायची, हे त्याने सांगितलं आणि समोरच्या भिंतीवरचे मुखवटे एकदम जवळचे वाटायला लागले.

चिचेन इत्झा: घड्याळ आणि दोन डोह

दार सकाळी 8 वाजता उघडतं. तुम्ही 8 ला दारात हवेत, कारण 10 नंतर कान्कूनच्या बसगाड्या येऊ लागतात. कान्कूनहून निघणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: तिथलं घड्याळ चिचेन इत्झाच्या एक तास पुढे असतं. जाताना तास मिळतो, येताना जातो, आणि परतीची वेळ ठरवताना नेमका हाच घोळ होतो. रविवार टाळा, मेक्सिकोच्या नागरिकांना त्या दिवशी प्रवेश मोफत असतो आणि गर्दी लोटते. तिकिटं दोन घ्यावी लागतात, एक केंद्राचं, एक राज्याचं. रोख पेसो जवळ ठेवा.

मोठा पिरॅमिड समोरच दिसतो. चार बाजूंना प्रत्येकी 91 पायऱ्या, वरचा चौथरा धरून 365. गाईड टाळी वाजवून दाखवेल, आणि जिन्यावरून परत येणारा आवाज पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा येतो. तो त्यांनी मुद्दाम साधला की आपोआप झाला यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण त्या टाळीपेक्षा मला 2015 मधला शोध मोलाचा वाटतो: मेक्सिकोच्या संशोधकांनी जमिनीत विजेचा प्रवाह सोडून तपासणी केली आणि या पिरॅमिडच्या खालीच पाण्याने भरलेली पोकळी असल्याची चिन्हं मिळाली. म्हणजे राज्यातली सगळ्यात पवित्र इमारत पाण्याच्या डोक्यावर बांधलेली. हे गाईडकडून तिथे उभं राहून ऐका, पायाखालची जमीन वेगळी वाटते.

उत्तरेला सरळ पांढरा रस्ता जातो तो पवित्र डोहाकडे. या उंचावून बांधलेल्या रस्त्यांना साकबे म्हणतात, आणि वरून चुना घातलेला असल्याने ते एके काळी खरोखर पांढरेशुभ्र होते. डोह सुमारे 60 मीटर रुंद, कडे सरळ तुटलेले, पाणी खूप खाली आणि हिरवं. 1904 पासून एडवर्ड थॉम्पसन या अमेरिकन वकिलातीतल्या माणसाने त्यातून सोनं, हिरवा जेड, धूप आणि माणसांची हाडं उपसून काढली, त्यातलं पुष्कळ अमेरिकेत गेलं. हा डोह देवाचा. प्यायचं पाणी दक्षिणेच्या दुसऱ्या डोहाचं, श्तोलोकचं. बहुतेक गाईड तिकडे नेत नाहीत. आपण सांगून त्या दिशेला जावं, वाट जितकी खुली असेल तितकं. एक पाणी देवाला ठेवलेलं आणि एक संसाराला, ही विभागणी बघितल्याशिवाय चिचेन इत्झा बघून झालं असं मी मानत नाही.

चेंडूचं मैदानही मोठं आहे, 168 मीटर लांब. तिथे गाईड भरपूर बोलतो, मी वेगळं काही सांगायला नको.

उश्माल: टाक्याच्या तोंडाशी

मला सगळ्यांत आवडलेलं शहर हे. गर्दी कमी, दगडकाम अप्रतिम.

आत शिरल्यावर थोड्याच अंतरावर एक चुल्तून आहे. बाटलीच्या आकाराचं, तोंडाशी अरुंद आणि पोटात ऐसपैस असं जमिनीखालचं टाकं. लोक त्याला ओलांडून पिरॅमिडकडे धावतात. आमच्या गाईडला मी पाणी विचारलं होतं, म्हणून तो तिथे उकिडवा बसला. तोंडावर मधोमध गोल भोक असलेला दगड. त्याच्याभोवतीची जमीन सपाट दिसते. त्याने आपल्या बाटलीतलं घोटभर पाणी हातभर अंतरावर सोडलं. ते क्षणभर जागीच थबकलं, मग एका कडेने ओघळ फुटला आणि दगडातल्या भोकाकडे सरकत गेला. भोवतालचा सगळा चौथराच त्या टाक्याचं पाणलोट क्षेत्र होता. पूर्वी त्यावर चुन्याचा गिलावा होता, आतूनही चुन्याचा जाड थर, नाहीतर चुनखडीच्या खडकात पाणी ठरणारच नाही. कालव्याच्या गळतीशी ज्याचा आयुष्यभर झगडा झालाय अशा माणसाला त्या गिलाव्याचं मोल कळतं. मी कडेचा थर बोटाने न टोकरता नुसता जवळून पाहिला: बारीक खडीचे पांढरे कण, वर गुळगुळीत लेप.

आता मान वर करून भिंती बघा. नन्सचा चौक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चार इमारतींच्या कोपऱ्यांवर लांब वळलेल्या नाकाचे दगडी मुखवटे एकावर एक रचलेले आहेत. ते पर्जन्यदेव चाकचे असं गाईड सांगतात, काही अभ्यासक त्यांना पर्वतदेवतेचे मानतात. काहीही असो, ज्या शहराचं पिणंखाणं आभाळातून पडणाऱ्या पाण्यावर अवलंबून होतं त्याने आपल्या भिंती अशा सजवल्या, हे चुल्तून पाहून झाल्यावरच उमगतं. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी टाकं, मग भिंत.

राज्यपालाच्या महालातली उंच त्रिकोणी वाटही बघा. खरी कमान माया गवंड्यांनी केली नाही. दोन्ही बाजूंचे दगड थोडे थोडे पुढे सरकवत वर मिळवून घेतले. आपल्या यादवकालीन देवळांची छतंही अशीच दगड पुढे सरकवत मिटवलेली असतात, त्यामुळे मराठी माणसाला ही युक्ती समजावून सांगावी लागत नाही.

टिकाल आणि पालेंके

टिकालमध्ये मुख्य चौकाच्या दक्षिणेला राजवाड्यांचा समूह आहे. त्याच्या मागच्या कडेवर उभं राहून खाली बघा. झाडीने भरलेला खोल खळगा दिसतो. तो राजवाड्याचा तलाव. गाईडला आवर्जून इथे थांबवा. चौकांची फरसबंदी चुन्याने लिंपून उतार देऊन केलेली होती, पाऊस पडला की सगळ्या चौकांचं पाणी या तलावात. त्यावरून जाणारा रस्ताच बांध म्हणून काम करायचा, दगड-मातीचा, सुमारे 80 मीटर लांब आणि 10 मीटर उंच. पानशेत ज्या शहराने सोसलं त्या शहरातून आपण आलेले असतो, बांधाकडे आपण नुसतं कौतुकाने बघत नाही. दुसऱ्या एका तलावात, कोरिएन्तालमध्ये, पाणी गाळण्यासाठी बाहेरून आणलेली झिओलाइट खनिजाची वाळू सापडल्याचं 2020 मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच संशोधकांना राजवाड्याच्या तलावातल्या गाळात पारा आणि विषारी शेवाळाच्या खुणाही मिळाल्या. पारा बहुधा इमारतींना लावलेल्या लाल हिंगुळाच्या रंगातून धुपून आलेला.

पुढचं अनुमान अनेक अभ्यासक मांडतात: चुना भाजायला लाकूड हवं, लाकडासाठी रान तुटतं, रान तुटलं की गाळ वाहून येतो. त्यावर नवव्या शतकातले लागोपाठचे दुष्काळ आणि राज्याराज्यांतली युद्धं, आणि शहर ओस पडलं. टिकालचा शेवटचा तारीखवार स्तंभ 869 सालचा आहे. गाईडला तो कुठे आहे विचारा आणि त्याच्यासमोर थोडा वेळ काढा.

चौथ्या देवळावर पहाटे गेलात तर जंगलावरचं धुकं आणि माकडांच्या डरकाळ्या, दोन्ही मिळतात. त्या देवळाच्या दारावरच्या तुळया चिकूच्या लाकडाच्या होत्या. आपण घोलवड-डहाणूचे म्हणून खातो तोच चिकू, त्याचं मूळ घर हे जंगल. लाकूड इतकं टणक की बाराशे वर्षं टिकलं. कोरीव तुळयांपैकी काही आता स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात आहेत. वाटेत गाईडला चिकूचं झाड दाखवायला सांगा, खोडावर डिंकासाठी मारलेल्या तिरक्या खाचा अजून दिसतात.

पालेंके वेगळ्या सहलीचा विषय आहे. तिथे राजवाड्याच्या शेजारून दगडी छताच्या नाल्यातून ओढा वळवलेला आहे, तो न चुकता बघा. तिथल्याच दुसऱ्या एका नाल्याचं तोंड मुद्दाम अरुंद केल्यामुळे पाणी दाबाने वर उसळत असावं, असं अभियंत्यांनी दाखवून दिलं आहे.

अंगावर, पोटात, तोंडात

रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, डास हाकलायचं मलम, पकड असलेले बूट. माणशी दोन लिटर पाणी, त्यातल्या एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू. ड्रोन चालत नाही, कॅमेऱ्याच्या तिकाटण्याला परवानगी लागते. सेनोतेत पोहणार असाल तर आधी अंगाचं मलम धुवावं लागतं, ते पाणी अजूनही पिण्याच्या साखळीत आहे.

शाकाहारी माणसांनी "सिन कार्ने" म्हणजे मांस नको, एवढं सांगून भागत नाही. घेवड्याची उसळ बहुधा डुकराच्या चरबीत केलेली असते, म्हणून "सिन मान्तेका" हेही सांगा. मक्याच्या टोर्तिया सगळीकडे मिळतात. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून मग वाटतात, त्यामुळे तो पचतो आणि अंगी लागतो. भोपळ्याच्या भाजलेल्या बिया आणि टोमॅटो वाटून केलेली सिकिल पाक मिळाली तर घ्याच, आपल्या पानात डाव्या बाजूला सहज शोभेल.

आणि एक कळकळीची विनंती. मयासुराने ही नगरी बांधली, माया म्हणजे आपलेच लोक, असलं काही गाईडला ऐकवू नका. त्याला काहीही आधार नाही. ज्यांच्या पूर्वजांनी शून्य स्वतंत्रपणे शोधलं, शुक्राचा 584 दिवसांचा फेरा मोजून ग्रंथात लिहिला, ज्यांचे ग्रंथ 1562 मध्ये मानी गावात एका स्पॅनिश धर्मगुरूने जाळले आणि ज्यांच्या लिपीतलं बरंचसं गेल्या सत्तर वर्षांतच वाचता यायला लागलं, त्यांच्यासमोर त्यांचं श्रेय आपण काढून घेऊ नये. 2012 च्या जगबुडीचंही तसंच. त्या डिसेंबरात त्यांचं एक मोठं चक्र पुरं झालं, एवढंच.

फेरी संपली की ठरलेल्या रकमेवर दहा टक्क्यांच्या आसपास बक्षिसी देण्याची तिथे रीत आहे. आवडलं असेल तर जास्त द्या.

संग्रहालय शेवटी बघा, आधी नको. जागा पाहून झालेली असली की वस्तू कुठून आली ते डोळ्यांपुढे येतं. परतीच्या वाटेवर मेक्सिको सिटीत थांबा असेल तर तिथल्या राष्ट्रीय मानवशास्त्र संग्रहालयात पालेंकेच्या पाकाल राजाचा जेडचा मुखवटा आहे. पुरातत्त्वज्ञ आल्बेर्तो रूस यांना 1949 मध्ये देवळाच्या फरशीखाली राडारोड्याने गच्च भरलेला जिना सापडला, तो उपसत उपसत 1952 मध्ये ते थडग्यापर्यंत पोहोचले, तिथे हा मुखवटा होता. 1985 मध्ये तो संग्रहालयातून चोरीला गेला आणि 1989 मध्ये परत मिळाला. माया दालनाला निदान तीन तास ठेवा. संग्रहालय सोमवारी बंद असतं, तेव्हा परतीचं विमान वार बघून ठरवा.